परत बोलावलेल्या मोटारी

महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीने २०२३ सालच्या ऑगस्ट महिन्यात असे जाहीर केले की, ८ जून २०२१ ते २८ जून २०२३ या मुदतीत तयार झालेल्या एक्सयूव्ही ७०० जातीच्या १,०८,३०६ मोटारी तपासणीसाठी परत बोलावण्यात येत आहेत; कारण इंजिनाच्या कप्प्यातून वायरिंगची जुडी ज्या मार्गाने नेलेली आहे त्या मार्गावर ती घासून कापली जाण्याचा संभव असून, तपासणीचा व तदनंतरच्या दुरुस्तीचा कोणताही खर्च ग्राहकावर पडणार नाही. ही मोटार चाकणची. खेड तालुक्यातील ज्या माळरानांवर आज कारखान्यांच्या निळ्या छपरांची रांग लागलेली दिसते, तेथे २०१० च्या सुमारास उभ्या राहिलेल्या कारखान्यात ती जुळवली गेली. तिचे कितीतरी लहानमोठे भाग महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी, भोसरी अशा आसपासच्या गावांतील शेडमधून येत. आणि घरातील तीन पिढ्यांना एकत्र घेऊन जेजुरीला किंवा कोकणात जाता यावे, या हेतूने आयुष्यभराच्या बचतीतून ती घेणारी कुटुंबे महाराष्ट्रभर पसरलेली आहेत. तेव्हा ही बातमी जितकी मोटारमालकांची, तितकीच ती मोटार घडवणाऱ्या हातांचीही होती.

अशी बातमी आली म्हणजे लोकांत दोन तर्क लगोलग निघतात. गाडीच मुळात वाईट आहे, हा एक. आणि कंपनीने आपण होऊन दोष कबूल केला त्या अर्थी ती फार प्रामाणिक आहे, हा दुसरा. माझ्या मते दोन्ही घाईचे आहेत. 'रिकॉल'च्या प्रत्येक निवेदनात दोन आकडे असतात, गाड्यांची संख्या आणि उत्पादनाची मुदत. हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून शांतपणे वाचले, तर चूक कोठे झाली असावी, म्हणजे नकाशात, यंत्रावर की मालाच्या निवडीत, याचा बराच अंदाज सामान्य वाचकालाही बांधता येतो. आणि तो बांधता आला, म्हणजे भीती व भाबडेपणा या दोहोंऐवजी काय विचारावे हे कळू लागते.

प्रथम वायरीचेच पाहू. आधुनिक मोटारीत इंजिन, ब्रेक, दिवे, एअरबॅग, कॅमेरे या सर्वांना वीज आणि संदेश पोहोचवणाऱ्या शेकडो तारा एकत्र बांधून जी जुडी केलेली असते, तिला कारखान्यात 'हार्नेस' म्हणतात. प्रत्येक तारेवर मिलिमीटरहूनही पातळ असे प्लास्टिकचे आवरण असते. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असता त्यात मिनिटाला ४,००० वेळा इंधनाचा भडका होतो. म्हणजे चाकणहून नारायणगावपर्यंतच्या तासाभराच्या वाटेत २,४०,००० वेळा. प्रत्येक भडक्याबरोबर इंजिन थरथरते, आणि सांगाड्याला बांधलेला हार्नेस व इंजिनाला बांधलेला हार्नेस यांच्यात केसभर का होईना, सापेक्ष हालचाल होते. विहिरीच्या दगडी काठावर दोराची खाच पडावी, तद्वत ही केसभर हालचाल लाखो वेळा घडली, आणि तारेची जुडी एखाद्या पत्र्याच्या धारेला किंवा ब्रॅकेटच्या कडेला टेकत असली, तर आवरण झिजत जाते. इंजिनाच्या उष्णतेने ते आधीच मऊ किंवा ठिसूळ झालेले असले, तर अधिकच लवकर.

आवरणाखालचे तांबे उघडे पडले, की खरा धोका सुरू होतो. मोटारीच्या बॅटरीचे ऋण टोक सांगाड्यालाच जोडलेले असते. त्यामुळे धन बाजूची उघडी तार पत्र्याला लागणे, हे शॉर्टसर्किटच होय. फ्यूज असतो हे खरे. एकाएकी मोठा प्रवाह वाहिला तर तो हमखास वितळतो; परंतु कंपनामुळे तार क्षणभर टेकून पुन्हा सुटत राहिली, ठिणग्या पडत राहिल्या, तर सरासरी प्रवाह फ्यूजच्या मर्यादेखाली राहून तो शाबूतही राहू शकतो. ज्या कप्प्यात इंधनाच्या नळ्या, तेल आणि रबर एकत्र नांदतात, तेथे अशा ठिणगीचे काय होईल हे कोणी सांगावयास नको. म्हणून तारेची वाट दोन बोटे इकडे की तिकडे, ही बाब क्षुल्लक मानता येत नाही.

आता आकडे वाचू. ८ जून २०२१ हा दिवस त्या मोटारीच्या उत्पादनाच्या अगदी आरंभीचा आहे. गाडी जगाला दाखवली गेली ती त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. तेथून पुढची दोन वर्षे आणि लाखावर गाड्या, म्हणजे तोवर बनलेला बहुतेक सारा माल. एखाद्या पाळीतील कामगाराची ढिलाई किंवा एखाद्या पुरवठादाराचा एखादा वाईट लॉट, हे कारण असते, तर मुदत इतकी लांब आणि इतकी अखंड नसती. ज्या दोषाची सीमा पहिल्या गाडीपाशी सुरू होते, तो दोष बहुधा नकाशात, म्हणजे तारेची वाट आखण्यात किंवा ती बांधण्याच्या ठरवून दिलेल्या रीतीत असतो. लाइनवर उभे राहून क्लिप बसवणाऱ्या मुलाकडे बोट दाखवण्याआधी हा हिशेब करावा, असे मला कळकळीने वाटते.

याच्या उलट जातीची उदाहरणे याच कंपनीच्या दप्तरात आहेत. २०२१ च्या फेब्रुवारीत डिझेल थार जातीच्या १,५७७ गाड्या बोलावल्या गेल्या. त्या ७ सप्टेंबर ते २५ डिसेंबर २०२० या दरम्यान बनलेल्या होत्या, आणि पुरवठादाराच्या कारखान्यातील यंत्राच्या सेटिंगमध्ये चूक झाल्याने त्यांच्या कॅमशाफ्टमध्ये दोष आल्याचा संशय होता. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हना ठरल्या क्षणी उघडझाप करावयास लावणारा दंड. त्याच्यावरील उंचवट्यांचा आकार मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने जरी बिघडला, तरी झीज अकाली होते. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये नाशिकच्या कारखान्यातील सहाशेहून कमी गाड्या परत आल्या, त्यांची मुदत तर २१ जून ते २ जुलै इतकीच. कारखान्यात विशिष्ट दिवशी आलेल्या दूषित इंधनामुळे इंजिनाचे भाग लवकर झिजतील अशी शंका आली होती. अवघे बारा दिवस. इतकी आखूड सीमा आखता आली, कारण कोणत्या दिवशी कोणते इंधन आले व त्यावर कोणती गाडी निघाली, याची नोंद कोणीतरी नीट ठेवलेली होती. अशा नोंदीवाचून एकतर सहाशेच्या जागी साठ हजार गाड्या बोलवाव्या लागतात, किंवा एकही बोलावली जात नाही.

या दोन टोकांच्या मधले उदाहरण पुन्हा चाकणचेच आहे. १ जुलै ते ११ नोव्हेंबर २०२२ या काळात बनलेल्या १२,५६६ एक्सयूव्ही ७०० आणि ६,६१८ स्कॉर्पिओ-एन, दोन्ही हाताने गिअर बदलण्याच्या जातीच्या, तपासणीसाठी बोलावल्या गेल्या. क्लचच्या घरात बसणाऱ्या रबरी बेलोची, म्हणजे घडीच्या आवरणाची, मोकळीक बिघडलेली असावी, आणि तिचे मूळ पुरवठादाराकडील सॉर्टिंगच्या चुकीत असावे, असे कारण देण्यात आले. सॉर्टिंग म्हणजे मापात बसलेला जॉब (घडवलेला भाग) एकीकडे आणि न बसलेला दुसरीकडे काढण्याचे काम. या औद्योगिक पट्ट्यातील शेकडो शेडमध्ये हे काम कंत्राटावर, पाळीच्या शेवटी, थकलेल्या डोळ्यांनी केले जाते. आणि त्या दोन ढिगांची एकदा सरमिसळ झाली की तिची किंमत १९,१८४ मालकांना मोजावी लागते. ज्या पदावर कोणी अभियंत्याची पाटी लावत नाही, ते पद सुरक्षिततेच्या साखळीत किती मोक्याचे आहे, हे या एका निवेदनाने सांगितले आहे.

खुद्द इंजिनाच्या पोटातील दोष याहून खर्चिक असतात, आणि अलीकडे ते अमेरिकेतील अजस्र मोटारींत दिसले. जनरल मोटर्सने २०२५ च्या एप्रिलमध्ये टाहो, सबर्बन, युकॉन, एस्कलेड अशा गाड्यांतील ६.२ लिटरच्या आठ सिलिंडरी इंजिनांसाठी जगभरातून सुमारे ७,२१,००० वाहने बोलावली. इंजिनाचा क्रँकशाफ्ट ज्या बेअरिंगमध्ये फिरतो त्यांना तो वास्तविक स्पर्श करीतच नाही. दोहोंच्या मध्ये तेलाचा काही मायक्रॉन जाडीचा पापुद्रा असतो, आणि शाफ्टच्या फिरण्यानेच निर्माण होणाऱ्या दाबावर तो सारा भार तोलला जातो. या इंजिनांपैकी काहींत क्रँकशाफ्टची मापे व पृष्ठाची घोटाई प्रमाणाबाहेर गेलेली होती, आणि काहींत तेलाच्या मार्गात कचरा राहिलेला होता. पापुद्रा तुटला, धातूला धातू लागला, आणि चालत्या गाडीत इंजिन बंद पडले. तपासणीत उत्तीर्ण झालेल्या इंजिनांसाठी काढलेली तजवीज विज्ञानदृष्ट्या बोलकी आहे: आधीच्या पातळ तेलाऐवजी उष्णतेत अधिक दाट राहणारे तेल घालावयाचे, म्हणजे पापुद्रा जाड होतो. त्याआधी २०२४ मध्ये टोयोटाने टुंड्रा व लेक्सस एलएक्स मिळून सुमारे १,०२,००० वाहने बोलावली, ती यंत्रणकामाच्या वेळी इंजिनात राहून गेलेल्या धातूच्या कणांमुळे. चाकणच्या कोणत्याही मशीन शॉपमध्ये 'बर' (कापलेल्या धातूच्या कडेवर राहिलेली टोके) काढणे आणि जॉब धुणे ही नवशिक्याला पहिल्या दिवशी दिली जाणारी कामे असतात. जगातील अग्रगण्य कारखान्यालाही त्यांतलीच हयगय महाग पडली.

परंतु सर्वांत भयंकर प्रकरण असे आहे की, ज्यात दोषाची सीमाच पुसून टाकली गेली. जनरल मोटर्सच्या छोट्या गाड्यांतील इग्निशन स्विचची स्प्रिंग दुबळी होती. किल्लीला धक्का लागला तरी ती फिरे, इंजिन बंद होई, आणि त्याबरोबर एअरबॅगही निकामी होत. २००६ साली सुधारित स्प्रिंगला मंजुरी मिळाली, पण भागाचा क्रमांक मात्र जुनाच ठेवण्यात आला. जुना व नवा भाग कागदावर एकच दिसू लागल्याने, काही वर्षांपुढच्या गाड्यांत अपघात का थांबले हे तपासणाऱ्यांना वर्षानुवर्षे उमगेना. २०१४ मध्ये जगभरातून सुमारे २६ लाख गाड्या बोलावल्या गेल्या, तोवर १२४ मृत्यू झाल्याचे कंपनीच्या भरपाई निधीने मान्य केले. कागदावरच्या एका अक्षराची टाळाटाळ माणसांच्या जिवावर उठते, याचे याहून स्पष्ट प्रमाण मला ठाऊक नाही.

आपल्याकडेही लपवाछपवी झालीच नाही असे नाही. २०१३ मध्ये जनरल मोटर्सनेच शेव्हरोले टवेरा जातीच्या सुमारे १,१४,००० गाड्या परत बोलावल्या आणि धूर-उत्सर्जनाच्या चाचण्यांत आपल्या कर्मचाऱ्यांनी नियमभंग केल्याचे मान्य केले. २०१५ च्या अखेरीस फोक्सवॅगन समूहाने, ज्याचा कारखाना चाकणमध्येच आहे, डिझेल इंजिनांतील सॉफ्टवेअरपायी भारतात ३,२३,७०० गाड्यांसाठी तशीच घोषणा केली. हे दोष नजरचुकीचे नव्हते. त्यांची गणना वर सांगितलेल्या तारा आणि रबर यांच्या पंक्तीत करणे, हा प्रामाणिक चुकीवर अन्याय होईल.

कायद्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. २०१२ पासून आपल्याकडे उत्पादकांच्या संघटनेची स्वेच्छेची संहिता होती. मोटार वाहन (सुधारणा) कायदा, २०१९ ने कलम ११०-अ घालून सक्तीने गाड्या परत बोलावण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला, आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम अंमलात आले. विक्रीच्या प्रमाणात ठरवलेल्या संख्येइतक्या मालकांच्या तक्रारी आल्या, किंवा चाचणी संस्थेने अथवा अन्य मार्गाने दोष कळवला, तर सरकार आदेश काढू शकते; सात वर्षांच्या आतील वाहनांना तो लागू होतो, आणि सक्तीच्या प्रकरणी १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. वर दिलेली चाकण व नाशिकची उदाहरणे मात्र कंपनीने आपण होऊन केलेल्या कारवाईची आहेत. ते चांगलेच आहे. तथापि नागरिकाच्या सुरक्षिततेचा प्रश्न सर्वस्वी कारखानदाराच्या सद्बुद्धीवर सोपवणे मला पटत नाही. अमेरिकेत कोणत्या गाडीविरुद्ध किती व कसल्या तक्रारी आल्या, हे कोणीही सरकारी नोंदीत पाहू शकतो. आपल्याकडेही गाडीच्या जातीनुसार आणि महिन्यागणिक अशी मोजदाद जनतेपुढे सहज पाहता येईल अशा रीतीने ठेवली जावी, ही मागणी ग्राहक संघटनांनी लावून धरली पाहिजे.

मालकांचीही काही जबाबदारी आहे. २०२३ च्या मे महिन्यात जयपूरजवळ महामार्गावर एका एक्सयूव्ही ७०० ने पेट घेतला, तेव्हा बाहेरून बसवलेल्या शोभेच्या दिव्यांसाठी मूळ वायरिंगमध्ये फेरफार केल्याचे प्राथमिक तपासात आढळले, असे कंपनीने सांगितले. त्या घटनेचा निवाडा येथे करावयाचा नाही. पण तारेचे आवरण कापून, वर चिकटपट्टी गुंडाळून जोडणी घेण्याचा जो प्रघात आपल्या अ‍ॅक्सेसरीच्या दुकानांतून बिनदिक्कत चालतो, तो कोणत्याही गाडीत घातक आहे, एवढे विद्युतशास्त्राच्या आधारे निःशंक म्हणता येते.

तेव्हा ज्यांच्याकडे अशी मोटार आहे, त्यांनी, आणि विशेषतः ज्यांनी ती जुनी विकत घेतली आहे त्यांनी, कारण कंपनीचे पत्र वा फोन बहुधा पहिल्या मालकालाच जातो, आरसी पुस्तकावरील चॅसिस क्रमांक घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जावे. या क्रमांकावर कोणतीही तपासणी बाकी आहे काय, असे स्पष्ट विचारावे. आणि काम झाल्याची लेखी नोंद मागून घ्यावी. गाडीत दोष वारंवार आढळत असेल, तर शेजाऱ्यापाशी बोलून न थांबता तो सरकारच्या वाहन पोर्टलवर तारखेसह नोंदवावा, कारण कायद्याने ठरवलेल्या संख्येत तीच तक्रार धरली जाते. रिकॉलच्या तपासणीला आणि दुरुस्तीला पैसे पडत नाहीत.