केसपेपर, कादंबरी आणि रुग्णाचे शब्द

‘डॉक्टरसाहेब, आता इंग्रजी शिकून काय करणार?’ हा प्रश्न मला 2013 साली अनेकांनी विचारला. विचारणाऱ्यांत माझे रुग्ण होते, व्यवसायबंधू होते आणि घरची मंडळीही होती. सुरंगीसारख्या गावात दवाखाना चालवणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने मुक्त विद्यापीठात इंग्रजी साहित्याच्या एम.ए.साठी नाव नोंदवावे, याचे नवल वाटणे स्वाभाविकच होते. ज्याचे सारे वैद्यकीय शिक्षण इंग्रजीतून झाले, त्याने पुन्हा इंग्रजीच का शिकावे? या प्रश्नाचे उत्तर अभ्यास पूर्ण झाल्यावरच मला नीट देता येऊ लागले. आपल्या मंडळाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने ते सुहृद वाचकांपुढे मांडत आहे.

सर्वांसाठी उघडे असलेले दार

या विचाराचे बीज माझ्या मावसबहिणीने पेरले. ती अनेक वर्षांपासून अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यात राहते. मुले मोठी झाल्यावर तिने तिथल्या कम्युनिटी कॉलेजात इंग्रजी लेखन आणि साहित्य या विषयांसाठी प्रवेश घेतला. अशा महाविद्यालयांची परंपरा अमेरिकेत 1901 साली इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे सुरू झाली. प्रवेशाला वयाची आडकाठी नाही, शुल्क तुलनेने कमी आणि वर्ग संध्याकाळीही भरतात. दिवसभर नोकरी करणारी परिचारिका, ट्रकचालक आणि नातवंडे असलेली गृहिणी एकाच बाकावर बसतात. ‘एकच निबंध आमच्याकडून तीनदा लिहून घेतात, आणि तिसऱ्यांदा लिहिताना आपल्याला काय म्हणायचे होते ते कळते,’ हे तिचे वाक्य माझ्या मनात रुतून बसले.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2013-14 पासून कम्युनिटी कॉलेजची योजना आणली. परंतु तिचा भर मुख्यतः व्यवसायकौशल्यांवर होता. संसारी, नोकरदार माणसाला साहित्य शिकण्याची वाट मोकळी करून दिली ती मुक्त विद्यापीठांनी. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ 1985 साली आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली स्थापन झाले. मी त्यांपैकी पहिल्याची निवड केली. पहिल्या वर्षी ब्रिटिश काव्य, नाटक, कादंबरी आणि भाषेची अंगे असे चार विषय होते. प्रत्येक विषय आठ श्रेयांकांचा आणि एका श्रेयांकासाठी तीस तासांचा अभ्यास अपेक्षित. म्हणजे एका विषयाला दोनशे चाळीस तास. तीस टक्के गुण घरून लिहून पाठवायच्या स्वाध्यायांना, सत्तर टक्के लेखी परीक्षेला. दुपारी दवाखाना बंद असतानाचे दोन तास आणि रविवारची सकाळ मी या अभ्यासाला वाहिली.

लिडगेट नावाचा डॉक्टर

कादंबरीच्या विषयात जॉर्ज एलियटची ‘मिडलमार्च’ होती. जॉर्ज एलियट हे मेरी ॲन इव्हान्स या लेखिकेचे टोपणनाव. 1871-72 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीचा एक नायक डॉक्टर लिडगेट आहे. तो पॅरिसमध्ये शिकलेला, नव्या विचारांचा तरुण डॉक्टर असून एका इंग्रजी खेड्यावजा शहरात व्यवसाय मांडतो. लेनेकने 1816 साली शोधलेला स्टेथोस्कोप तेव्हा नवलाईचा होता. लिडगेट तो वापरतो. औषधे स्वतः विकायची नाहीत, केवळ लिहून द्यायची, असा त्याचा बाणा असतो. त्यामुळे गावातले जुने वैद्य दुखावतात आणि रुग्णांनाही वाटते की, बाटली न देणारा हा कसला डॉक्टर! स्वतःच्या दवाखान्यातून औषध देणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना हा प्रसंग आपल्याच गावातला वाटेल.

पुढे लिडगेट कर्जात बुडतो. ज्या धनिकाकडून तो पैसे घेतो, त्याच्याच घरी एका आजाऱ्याचा संशयास्पद मृत्यू होतो आणि लिडगेटवरही ठपका येतो. संशोधनाची स्वप्ने पाहणारा हा माणूस शेवटी श्रीमंतांचा डॉक्टर होतो, गाऊटवर एक ग्रंथ लिहितो आणि पन्नाशीतच जगाचा निरोप घेतो. वैद्यकीय नीतिशास्त्रावरची अनेक व्याख्याने मी ऐकली आहेत. पण उपकाराचे ओझे डॉक्टरच्या निर्णयावर कसे नकळत बसते, हे या कादंबरीने जितके समजावले तितके कोणत्याही व्याख्यानाने समजावले नाही. कारण व्याख्यानात नियम असतो. कादंबरीत माणूस असतो, आणि तो आपल्यासारखाच सज्जन असतो.

कवी कीट्सही आपल्याच बिरादरीचा. त्याने लंडनच्या गाईज इस्पितळात शिक्षण घेतले आणि 1816 साली त्याला अपॉथेकरी म्हणून व्यवसायाचा परवाना मिळाला. 1821 साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, क्षयाने त्याचे निधन झाले. उत्तर ठाऊक नसतानाही उतावीळ न होता त्या अनिश्चिततेत स्थिर राहण्याची शक्ती थोर लेखकाच्या ठायी असते, असा विचार त्याने 1817 च्या एका पत्रात मांडला आहे. तीन दिवसांचा ताप घेऊन आलेल्या रुग्णासमोर बसणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला या शक्तीची गरज पडते.

चक्कर या शब्दाचे चार अर्थ

तथापि या अभ्यासाचा सर्वांत मोठा लाभ मला थोर लेखकांपेक्षा लेखनाच्या शिस्तीतून झाला. स्वाध्याय लिहिताना एक नियम कटाक्षाने पाळावा लागतो : कवितेविषयी जे विधान कराल, त्याचा आधार कवितेतल्या शब्दांतच दाखवा. आधी निरीक्षण, मग अनुमान. आपली तपासणीची पद्धत याहून वेगळी कोठे आहे? वैद्यकीय विद्यार्थ्याला पहिल्याच वर्गात शिकवले जाते की, मुख्य तक्रार रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांत लिहावी. मात्र गर्दीच्या व्यवसायात हा नियम आपण सारेच बाजूला ठेवतो आणि रुग्णाचे वाक्य तत्क्षणी इंग्रजी संज्ञेत बदलतो.

‘चक्कर येते’ हे उदाहरण घ्या. केसपेपरवर त्याचे ‘गिडिनेस’ होते आणि विषय संपतो. वास्तविक भोवतालचे जग गरगर फिरणे, डोळ्यांपुढे अंधारी येऊन शुद्ध हरपेल असे वाटणे, चालताना तोल जाणे आणि नुसतेच डोके हलके वाटणे, या चार निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत कानाचा विचार आधी येतो, दुसरीत हृदयाचा आणि रक्तदाबाचा. ‘आजी, घर फिरतं की तुम्ही फिरता?’ एवढे विचारले तरी बरेच उलगडते. सुरंगीच्या दवाखान्यात एका दिवसात वारली, मराठी, गुजराती, हिंदी आणि कारखान्यांतील कामगारांच्या भोजपुरी वा उडिया वळणाच्या हिंदीतून हीच तक्रार कानी पडते. पाच भाषांतली ती चक्कर एका इंग्रजी शब्दात कोंबली की निदानाचे धागे तुटतात. इंग्रजी बारकाईने शिकल्यावर मला इंग्रजीचा अभिमान वाटू लागला, असे झाले नाही. माझे कान वारलीकडे आणि मराठीकडे अधिक जागरूकपणे वळले.

विळ्याची उपमा

एक उदाहरण सांगतो. एक तरुण आदिवासी स्त्री अंगदुखीसाठी वारंवार येत असे. एकदा ती म्हणाली, ‘आवणीच्या दिवसांत गार पाण्यात उभं राहिलं की हाडं फुटतात, उन्हाळ्यात एवढी नाही फुटत.’ मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी लिहिताना मी ‘सांधेदुखी’ असा एक शब्द न लिहिता तिचे हे वाक्यच साध्या इंग्रजीत उतरवले आणि खाली लिहिले की, दुखणे थंडी व ओलाव्याशी निगडित दिसते, डोळ्यांत पिवळसरपणा आहे, सिकलसेलची तपासणी व्हावी. तपासणीत सिकलसेलचेच निदान झाले. कोणताही जागरूक डॉक्टर या निदानापर्यंत पोचला असता, हे मान्य आहे. परंतु चिठ्ठी वाचणाऱ्या अनोळखी डॉक्टरपर्यंत त्या बाईचे वाक्य पोचले, म्हणून तिची वाट आखूड झाली.

या आजाराचे नावच एका उपमेतून जन्मले आहे. शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी 1910 साली ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याच्या रक्तातील पेशींचे वर्णन करताना त्यांना विळ्याच्या आकाराच्या म्हटले. भात आणि नागली कापणाऱ्या आपल्या दादरा-नगर हवेलीतील कुटुंबांना ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. ‘तुझ्या रक्तातल्या काही पेशी गोल राहण्याऐवजी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नळीत अडकतात,’ असे म्हटले की निरक्षर आईही मान डोलावते. विवाहापूर्वी दोघांची रक्ततपासणी का हवी, हेही मग तिला पटते. केंद्र सरकारने जुलै 2023 मध्ये सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आणि 2047 हे उद्दिष्टवर्ष ठरवले. त्यात प्रयोगशाळेइतकेच योग्य शब्दांचेही काम आहे.

आपल्याच पूर्वसुरींचा वारसा

भाषा आणि वैद्यक यांचे हे नाते मराठी समाजाला नवे नाही. आनंदीबाई जोशी यांच्यासाठी अमेरिकेचे दार उघडले ते पत्रांनी. दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहताना मिसेस कार्पेंटर यांच्या वाचनात जोशी दांपत्याविषयीचा मजकूर आला आणि न्यू जर्सीतील रोझेल गावातून पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाईंनी 1883 साली श्रीरामपूर महाविद्यालयात आपण अमेरिकेला का जात आहोत, याविषयी इंग्रजीत भाषण केले आणि 1886 साली हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून पदवी मिळवली. रखमाबाईंनी 1885 साली ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने इंग्रजी वृत्तपत्रात पत्रे लिहून बालविवाहाविरुद्ध आवाज उठवला. पुढे लंडनला वैद्यकीय शिक्षण घेऊन त्या परतल्या आणि आपल्या शेजारच्या सुरत शहरात त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. या दोघींनी इंग्रजी मिरवण्यासाठी वापरली नाही. जे मराठी घरात घडत होते ते जगाला नेमके सांगता यावे, यासाठी ती वापरली.

अलीकडे वैद्यकीय जगानेही हे नाते ओळखले आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. रिटा शॅरन यांनी 2000 साली कथनाधारित वैद्यकाचा अभ्यासक्रम उभा केला. तिथे डॉक्टर कथा-कविता वाचतात आणि रुग्णाची कहाणी लिहायला शिकतात. भारतातही 2019 पासून एम.बी.बी.एस.च्या नव्या अभ्यासक्रमात संवादकौशल्याला स्थान मिळाले, आणि त्याच वर्षी सिल्वासात वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

मंडळाला एक विनंती

आपल्या प्रदेशात साक्षरता 2001 साली 57.63 टक्के होती. 2011 साली ती 76.24 टक्के झाली. या आकड्यांमागे घरातली पहिलीच शिकलेली पिढी आहे. ही मुले घरी वारली, कोकणा वा धोडिया बोलतात, शाळेत मराठी वा गुजरातीतून शिकतात आणि महाविद्यालयात एकाएकी इंग्रजीसमोर उभी राहतात. त्यांतला एखादा मुलगा इंग्रजी साहित्य घेतो म्हणाला, तर ‘सायन्स जमले नाही वाटते’ असे आपणच म्हणतो. हा शेरा आपण सोडून द्यायला हवा. उद्या हीच मुले आपल्या रुग्णांची दुभाषी, आरोग्यसेविका, शिक्षक आणि माहितीपत्रकांची लेखक होणार आहेत. दोन्ही भाषांची नस ओळखणारा माणूस इस्पितळाच्या दारात किती मोलाचा असतो, हे आपल्याहून अधिक कोण जाणतो?

म्हणून मंडळापुढे तीन साध्या सूचना ठेवतो. महिन्यातून एका रविवारी डॉक्टर आणि विद्यार्थी यांनी एकत्र बसून एखादी कथा, मराठी वा इंग्रजी, वाचावी. परिसरातील महाविद्यालयांच्या ग्रंथालयांना डॉक्टर-लेखकांची व डॉक्टरांविषयीची पुस्तके भेट द्यावीत. आणि रुग्णांच्या तोंडी असलेल्या वारली, कोकणा व धोडिया शब्दांचा एक छोटा संग्रह, त्या त्या भाषा घरी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने, त्यांना योग्य मानधन देऊन, तयार करावा. नव्याने या भागात येणाऱ्या तरुण डॉक्टरांना तो पहिल्या दिवशी हाती देता येईल.

माझी पदवी आज दवाखान्याच्या भिंतीवर नाही. रुग्णांना तिचा उपयोग नाही. टेबलावर मात्र एक वही असते. दिवसभरात कानी पडलेले, संज्ञेत न मावणारे एखादे वाक्य मी रात्री तिच्यात टिपून ठेवतो. शब्दसंग्रहाचे काम सुरू होईल तेव्हा ही वही सर्वांआधी मंडळाच्या स्वाधीन करीन.