इ. स. १९३७ चे बोलपट

चित्रपटांचा नाद असलेल्या गृहस्थास आवडता बोलपट विचारावा, तो चटकन सांगतो. आवडतें वर्ष विचारावें, तर तो घोटाळ्यांत पडतो. वर्षाची परीक्षा करावयाची म्हणजे उत्तम चित्रपट निवडून काढले कीं भागलें, असें होत नाहीं. कोणती जुनी खोड सुटली, कोणती नवी जडली आणि कोणाचा काळ सरला, याचाही हिशेब मांडावा लागतो. असा हिशेब मांडूं जातां मराठी चित्ररसिकाचें लक्ष इ. स. १९३७ या सालाकडे पुन्हां पुन्हां वळतें.

हिंदुस्थानांतील बोलपट त्या वेळीं उणापुरा सहा वर्षांचा होता. 'आलम आरा' हा पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरांत झळकला. नुकतें बोलूं लागलेलें पोर घरांत कोणास उसंत देत नाहीं, तशीच कांहींशी या नव्या कलेची स्थिति झाली. १९३२ सालच्या 'इंद्रसभा' या बोलपटांत तर गाण्यांची संख्या सत्तरांच्या घरांत गेली होती. गाणें नसेल तेथें भाषण, भाषण नसेल तेथें वाद्यांचा कल्लोळ. पडदा क्षणभर निःशब्द राहिला तर यंत्रच बिघडलें अशी शंका प्रेक्षकांस यावी! या रूढीविरुद्ध १९३७ सालीं मुंबईच्या वाडिया मूव्हीटोननें 'नौजवान' हा एकही गाणें नसलेला बोलपट काढून पाहिला. हें धाडस खरें. परंतु गाणीं वगळणें ही झाली नुसती वजाबाकी. शांततेपासून कांहीं काम करून घेणें ही निराळी विद्या आहे, आणि ती त्याच वर्षीं पुण्याच्या प्रभात कंपनीनें साधली.

तो बोलपट म्हणजे श्री. व्ही. शांताराम यांनीं दिग्दर्शित केलेला 'कुंकू'. हिंदी आवृत्तीचें नांव 'दुनिया न माने'. कथा नारायण हरि आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून घेतलेली. नीरा नांवाच्या तरुण मुलीचें लग्न फसवणुकीनें काकासाहेब या वृद्ध विधुर वकिलाशीं लावून दिलें जातें, आणि ती मुलगी हा विवाह मनानें कबूल करण्याचें साफ नाकारते. कथासूत्र एवढेंच. या बोलपटाला पार्श्वसंगीत नाहीं. प्रसंग करुण आला कीं पडद्यामागून सारंगी रडूं लागावी, आणि भीतीचा आला कीं नगारे घुमावे, हा नित्याचा परिपाठ येथें मोडलेला आहे. ऐकूं येतात ते त्या घरांतले खरे आवाज : भिंतीवरील घड्याळाची टिकटिक, पावलें, दारें. घड्याळाची ती टिकटिक रात्रीच्या निवांतपणांत वृद्ध नवरदेवाच्या कानीं पडूं लागली म्हणजे त्याच्या वयाचा हिशेब कोणी तोंडानें सांगावयाचा राहत नाहीं. एरवीं तें घड्याळ वाद्यांच्या गलबल्यांत बुडून गेलें असतें.

गाणीं आहेत, पण तीं मनुष्यें ज्या कारणांनीं घरांत गातात त्याच कारणांनीं आलेलीं आहेत. नायिकेची भूमिका करणाऱ्या शांता आपटे यांच्या तोंडीं लाँगफेलो कवीची एक इंग्रजी कविताही घातलेली आहे, हें ऐकून आजच्या श्रोत्यास नवल वाटेल. संगीताची बाजू केशवराव भोळे यांची आणि काकासाहेबांची भूमिका केशवराव दाते यांची. ही जोडी येथें एकत्र यावी यांत एक पूर्वसंबंध आहे. १९३३ सालीं 'नाट्यमन्वंतर' या संस्थेनें 'आंधळ्यांची शाळा' हें नाटक रंगभूमीवर आणून आरडाओरडीच्या अभिनयाला आणि तानबाजीला रजा दिली, त्या प्रयोगांत हे दोघेही होते. रंगभूमीवर त्यांनीं केलेली साधना बोलपटाच्या कामीं आली. बोलपटानें नाटक बुडविलें असें म्हणणाऱ्यांनीं हा हिशेबही ध्यानीं घ्यावा.

'कुंकू'चा विषय मराठी घरांस नवा नव्हता. गोविंद बल्लाळ देवल यांचें 'संगीत शारदा' १८९९ सालीं रंगभूमीवर आलें, तेव्हांपासून जरठ-बाला-विवाहाची कथा घरोघरीं पाठ होती. मात्र दोन्ही कृतींतील एक भेद सहसा कोणी सांगत नाहीं. देवलांच्या नाटकांत सगोत्राचा दोष उघडकीस येऊन लग्न मोडतें. शास्त्रच मुलीच्या मदतीस धांवतें. शांतारामांच्या बोलपटांत लग्न लागून जातें, आणि खरी कथा तेथून पुढें सुरू होते. शारदा आपलें दुःख गाऊन दाखविते. नीरा हातांत छडी घेऊन दुर्वर्तनी सावत्र मुलाला फोडून काढते. अडतीस वर्षांत नायिकेनें एवढी मजल मारली. त्याच नायिकेच्या पाठीशीं उभी राहणारी सावत्र मुलगी शकुंतला परांजपे यांनीं रंगविली आहे. पुढें त्यांनीं संततिनियमनाच्या प्रचारास आयुष्य वाहिलें, हें लक्षांत ठेवून ते प्रसंग पाहिले म्हणजे त्यांतील भाषण केवळ पाठ केलेलें वाटत नाहीं.

आतां दोषाचें एक स्थळ. शेवटीं काकासाहेबांस आपला अपराध कळतो, आणि नीरेला मोकळी करणारें पत्र लिहून ते आत्महत्या करितात. पुष्कळ रसिकांस हा शेवट उदात्त वाटला. तथापि ज्या बोलपटानें साऱ्या प्रश्नाकडे डोळे उघडून पाहिलें, त्यानें शेवटच्या घटकेस डोळे मिटून घेतले, असें म्हणणें भाग आहे. नवऱ्यास मारून स्त्रीला सोडविणें ही कादंबरीकाराची जुनी पळवाट होय. एवढें मात्र खरें कीं दुसरी वाट दाखवावी तर ती कायद्यांतच नव्हती. मुंबई प्रांतांत हिंदु स्त्रीस घटस्फोटाचा कायदा मिळाला तो १९४७ सालीं, आणि देशाचा हिंदु विवाह कायदा झाला १९५५ सालीं. नीरेसमोर १९३७ सालीं दोनच दारें होतीं : सौभाग्य म्हणून हा संसार सोसणें किंवा वैधव्य. ज्या कुंकवाचें नांव बोलपटाला दिलें तें पुसल्याखेरीज तिची सुटका होत नाहीं, ही गोष्ट प्रेक्षकांच्या पोटांत कालवाकालव केल्याशिवाय राहत नाहीं.

प्रभातच्या या यशाच्या शेजारींच त्या वर्षींची एक विषादाची घटना उभी आहे. ज्यांनीं १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' काढून या देशांत चित्रपटाचा धंदा रोविला, त्या दादासाहेब फाळके यांचा 'गंगावतरण' हा बोलपट कोल्हापूर सिनेटोननें याच सालीं प्रदर्शित केला. दादासाहेब तेव्हां सदुसष्ट वर्षांचे होते. देवांचें प्रकट होणें, अंतर्धान पावणें, स्वर्गांतून ओघ कोसळणें, हे चमत्कार पडद्यावर घडवावे तर त्यांनींच. मूकपटाच्या काळीं त्यांच्या 'लंकादहन' चित्रपटास गांवोगांवच्या लोकांनीं गाड्या जुंपून गर्दी केली होती. परंतु बोलपटांत देव बोलूं लागले, आणि बोलणाऱ्या देवाकडून प्रेक्षक चमत्काराखेरीज आणखीही कांहीं मागूं लागला. 'गंगावतरण' हाच त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें ते निवर्तले. त्यांच्या हातचें कसब गेलें होतें असें नव्हे. कसबाचें गिऱ्हाईक बदललें होतें.

रंगाचेंही त्या वर्षीं बरेंच कौतुक झालें. 'आलम आरा'चे निर्माते अर्देशिर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीनें 'किसान कन्या' हा याच देशांत तयार झालेला पहिला रंगीत बोलपट काढला. तत्पूर्वीं १९३३ सालीं प्रभातनें 'सैरंध्री'ला रंग देण्यासाठीं जर्मनीची वाट धरली होती आणि त्यांत हात पोळून घेतले होते. इराणींची जिद्द वाखाणण्याजोगी खरी. पण रंग पाहून झाल्यावर पुन्हां पाहावें असें त्यांत फारसें कांहीं उरलें नाहीं, आणि रंगीत बोलपटांची लाट त्यानंतर पुष्कळ वर्षें आली नाहीं.

कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनें 'विद्यापति', 'मुक्ति' आणि 'प्रेसिडेंट' हे तीन नांवाजलेले बोलपट त्याच वर्षीं दिले. त्यांत काननदेवी आणि सैगल यांचे आवाज ऐकून पुण्यामुंबईचे रसिकही वेडावले. गाणें हेंच बोलपटाचें हृदय मानणाऱ्यांनीं 'विद्यापति'ला पहिलें पान द्यावें. त्यांच्याशीं वाद घालण्यांत अर्थ नाहीं. मास्टर विनायक यांचा 'धर्मवीर'ही याच सालचा.

मात्र वर्षभर तिकिटांच्या खिडकीवर जो बोलपट हटला नाहीं तो मुळीं या सालचा नव्हेच. दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' डिसेंबर १९३६ मध्यें मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहांत लागला आणि सत्तावन आठवडे तेथेंच राहिला. म्हणजे १९३७ चीं सगळीं नवलें येत होतीं, जात होतीं, आणि विष्णुपंत पागनीस आपले शांतपणें वीणा हातीं घेऊन उभे होते. त्या वर्षीं व्हेनिसच्या चित्रपट-महोत्सवांतही त्यांच्या तुकारामाची विशेष दखल घेतली गेली. त्यांतील एक अभंग शांताराम आठवले यांनीं रचलेला आहे. तो इतका बेमालूम उतरला कीं तुकोबांच्या गाथेंत त्याचा शोध करणारे भाविक पुढें अनेक वर्षें भेटत असत.