धावणाऱ्याची वही कोणाच्या हाती?

पहाटे मिरामारच्या किनाऱ्यावर फेरफटका मारणाऱ्यास अलीकडे एक दृश्य हमखास दिसते. धावून दमलेल्या तरुणाची नजर समुद्राकडे न वळता प्रथम हातातील स्मार्टफोनकडे वळते. किती अंतर कापले, किती वेळ लागला, कालच्यापेक्षा आज प्रगती झाली की नाही, याचा हिशेब अ‍ॅप तत्काळ मांडून देते. त्यामुळे व्यायामाला शिस्त लागते व उत्साह टिकतो. तेव्हा या साधनाला नाके मुरडण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो निवडीचा.

ही निवड करताना रंगीत आलेख आणि चकचकीत पदके यांवरच आपण भाळतो. आमच्या मते पहिला प्रश्न निराळाच असावयास हवा. आपल्या धावण्याची ही वही राहणार कोणापाशी, आणि ती वाचणार कोण?

ही शंका निराधार नाही. 'स्ट्रावा' या लोकप्रिय अ‍ॅपने नोव्हेंबर २०१७ मध्ये जगभरातील सभासदांच्या व्यायामाचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला. त्यात नाव कोणाचेच नव्हते. तथापि जानेवारी २०१८ मध्ये एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने दाखवून दिले की, अफगाणिस्तान व सीरियातील ओसाड प्रदेशांत उजळलेल्या रेषांवरून लष्करी तळ ओळखू येतात. खडा पहारा असलेल्या तळांची ही गत, तर पहाटे एकटीने ठराविक रस्त्याने धावणाऱ्या आमच्या लेकीबाळींचे काय? निघण्याची वेळ, रोजचा मार्ग आणि घराचा दरवाजा एवढे कळल्यावर दुष्टाला आणखी काय हवे?

दुसरा धडा 'एन्डोमोन्डो'चा. डेन्मार्कमध्ये जन्मलेले हे अ‍ॅप २०१५ साली एका अमेरिकन कंपनीने विकत घेतले आणि २०२० च्या अखेरीस बंद करून टाकले. ज्यांनी मुदतीत आपल्या नोंदी उतरवून घेतल्या नाहीत, त्यांची वही मिटली ती मिटलीच.

आकड्यांचे स्तोमही माजवू नये. दाट माडांखाली किंवा डोंगराच्या कुशीत उपग्रहाचा संकेत अडखळतो आणि अंतर चुकते. दहा हजार पावलांचे प्रसिद्ध लक्ष्यही वैद्यकातून नव्हे, तर १९६५ च्या सुमारास जपानात विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून रूढ झाले. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यास १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचविते. तेवढा हिशेब साधे घड्याळही ठेवू शकेल.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, अ‍ॅप घेताना चार गोष्टी पारखाव्यात. नोंदी केवळ स्वतःपुरत्या ठेवता येतात काय? घराचा परिसर नकाशावर झाकता येतो काय? सर्व नोंदी जीपीएक्स फाइलच्या रूपाने बाहेर काढता येतात काय? आणि व्यायामाशी संबंध नसलेली, फोनमधील नावे व क्रमांक पाहण्याची परवानगी ते मागत तर नाही ना? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्या संसदेने २०२३ साली संमत केला हे खरे; परंतु आपल्या दाराची कडी आपणच लावावी लागते.

धावणाऱ्याने छाती पुढे काढून खुशाल धावावे. मात्र आपल्या पाऊलखुणा कोण वेचीत आहे, याचे भान सोडू नये.