बिअर्डेड ड्रॅगनची अंडी आणि रायपूरचा उन्हाळा

बिअर्डेड ड्रॅगन पाळण्याविषयीची पुस्तके बहुतेक थंड देशांत लिहिली गेली आहेत. त्यांतला निम्मा मजकूर प्राण्याला ऊब कशी द्यावी, यावरच खर्च झालेला असतो. रायपूरमध्ये प्रश्न नेमका उलटा आहे. इथे मे महिन्यात पारा ४२ ते ४५ अंशांवर जातो, आणि या सरड्याची अंडी उबवायला साधारण २९ अंश तापमान लागते. म्हणून सुट्टीत घरी प्रजननाची जागा तयार करायचा विचार करणाऱ्या छात्रांनी आणि त्यांच्या पालकांनी ‘दिवा कोणता घ्यायचा’ याआधी ‘अंडी थंड कुठे ठेवायची’ हे ठरवावे.

हा प्राणी मूळचा मध्य ऑस्ट्रेलियातल्या रुक्ष प्रदेशातला. शास्त्रीय नाव पोगोना विट्टीसेप्स. चिडला की गळ्याखालची काटेरी कातडी फुगवून काळी करतो, म्हणून ‘दाढीवाला’. तो आपल्या कुंपणावरच्या सरड्याच्याच कुळातला आहे. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर निळ्या-केशरी गळ्याचा जो सुंदर सरडा दिसतो, तोही याच कुळातला. २०१६ साली शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीला ‘सरडा’ हे मराठी नावच दिले!

आधी कागदपत्रे पाहू. घोरपडीसारखे आपले वन्य सरपटणारे प्राणी घरात ठेवणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. परदेशी प्राण्यांबाबत २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आंतरराष्ट्रीय करारातील प्रजातींसाठी चौथी अनुसूची आली. तिच्यातले जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने नोंदणी करायची असते आणि पुढे झालेली पिल्लेही कळवायची असतात. आपली प्रजाती आज त्या यादीत आहे की नाही, हे दुकानदाराच्या तोंडून ऐकून भागत नाही. वनविभागाच्या कार्यालयात जाऊन विचारावे. ऑस्ट्रेलिया आपले जिवंत सरडे व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे विकत मिळणारा प्राणी पिंजऱ्यात जन्मलेलाच असायला हवा, आणि तो कुठे जन्मला याची पावती विक्रेत्याने द्यायलाच हवी. पावती नसेल तर घेऊ नये.

नर आणि मादी यांना दोन वेगळ्या पेट्या लागतात. एकत्र ठेवलेला नर मादीला सतत त्रास देतो आणि ती खाणे सोडते. प्रत्येकी साधारण १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ६० उंच अशी समोरून काचेची, बाजूंना जाळीदार झरोके असलेली लाकडी पेटी पुरते. एका टोकाला दिव्याखालच्या दगडावर ३८ ते ४२ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंश असा फरक ठेवायचा, म्हणजे प्राणी स्वतःच जागा बदलून शरीराचे तापमान सांभाळतो. उन्हाळ्यात अवघड असते ते हे थंड टोक. खोलीच ३८ अंशांवर असेल तर प्राण्याला पळायला जागाच उरत नाही, म्हणून पेटी घराच्या आतल्या, पश्चिमेची भिंत नसलेल्या खोलीत ठेवावी. आपल्याकडे घरोघरी वाळ्याचा कूलर चालतो. त्याची ओली हवा थेट पेटीवर सोडू नये. या प्राण्याला कोरडी हवा मानवते आणि सतत दमट हवेत त्याच्या फुफ्फुसांना संसर्ग होतो. अतिनील किरणांचा यूव्हीबी दिवाही हवाच. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन पुरत नाही, कारण काच हे किरण अडवते. ते नसतील तर शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम हाडांत उतरत नाही, आणि अंडी घालणाऱ्या मादीचे हाल होतात.

मादी किमान दीड वर्षाची आणि सुमारे ३५० ग्रॅमच्या वर वजनाची झाल्याशिवाय जोडी लावू नये. एकाच विक्रेत्याकडून एकाच वेळी घेतलेली जोडी बहुधा भावंडेच असते, तेही टाळावे. नव्या प्राण्याला दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवून विष्ठेची तपासणी करून घ्यावी. रायपूरच्या डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १२-१३ अंशांपर्यंत उतरतो. त्या काळात हे सरडे आपोआप सुस्तावतात आणि कमी खातात. घरातली जागा मात्र इतकी थंड होऊ देऊ नये. थंडी सरली की नर डोके जोरजोरात हलवू लागतो, मादी एक पाय उचलून संथपणे फिरवते. मादीला काही वेळ नराच्या पेटीत सोडायचे आणि मिलन झाले की परत आणायचे.

मिलनानंतर चार ते सहा आठवड्यांनी मादी माती उकरू लागते. तिच्यासाठी २५-३० सेंटिमीटर खोल टब, त्यात वाळू आणि माती, मुठीत दाबली की गोळा टिकेल इतकी ओली. अशी जागा मिळाली नाही तर ती अंडी अडवून ठेवते आणि त्यात दगावू शकते. सरड्याचा एक्स-रे काढणारा, गरज पडल्यास शस्त्रक्रिया करणारा पशुवैद्य जोडी लावण्याआधीच शोधून ठेवावा.

एका वेळी साधारण १५ ते २५ अंडी होतात. उचलताना ती फिरवायची नाहीत. वरच्या बाजूला पेन्सिलने बारीक ठिपका करून तीच बाजू वर ठेवायची, नाहीतर आतला जीव गुदमरतो. रोपवाटिकेत मिळणारे व्हर्मिक्युलाइट तितक्याच वजनाच्या पाण्याने भिजवून डब्यात भरायचे आणि अंडी त्यात अर्धी रुतवायची. २९ अंशांवर पिल्ले साधारण ६० ते ७० दिवसांत बाहेर पडतात.

इथे तापमान बिघडले तर अंडी मरतात, पण तेवढ्यावर संपत नाही. या सरड्यात नर की मादी हे गुणसूत्रे ठरवतात. तरीही अंडी ३२ अंशांच्या वर उबवली तर नराची गुणसूत्रे असलेली पिल्ले मादी होऊन जन्मू लागतात. हे २००७ साली प्रयोगशाळेत दिसले आणि २०१५ साली ऑस्ट्रेलियाच्या रानातही अशा माद्या सापडल्या. त्यांना अंडीही होतात. म्हणजे तिथल्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय रायपूरच्या एखाद्या घरात मे महिन्यात कपाटावर ठेवलेल्या डब्यात सहज घडून जाईल.

आता दिनदर्शिका मांडून पाहा. फेब्रुवारीच्या मध्यात जोडी लावली तर अंडी मार्चअखेर, आणि शेवटचे नाजूक दिवस थेट नवतप्याच्या तोंडाशी. त्यासाठी थंड करण्याची सोय असलेला इनक्युबेटर आणि वीज गेल्यावर तो चालवणारा इन्व्हर्टर लागेल. दुसरा मार्ग मला जास्त पटतो. जोडी मेअखेरीस लावावी. अंडी जुलैत येतात, आणि पावसाळ्यातल्या रायपूरच्या आतल्या खोलीचे तापमान मुळातच हव्या त्या आकड्याच्या जवळ असते. थर्मोकोलच्या खोक्यात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवल्या की चढउतार आणखी कमी होतो. मात्र नराशिवायही मादी वसंतात वांझ अंडी घालू शकते, म्हणून मातीचा टब आधीपासून तयार असावा.

पिल्ले मग सप्टेंबरमध्ये निघतात, आणि तेव्हा छात्र वसतिगृहात असतो! पालकांनी होकार देण्याआधी हा हिशेब करावा. वीस पिल्ले, प्रत्येकाला दिवसाला तीसेक बारीक रातकिडे, म्हणजे रोज सहाशे. किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. गर्दीत पिल्ले एकमेकांची बोटे आणि शेपट्या चावतात, म्हणून चार-पाच लहान पेट्या हव्यात. धानाच्या शेतातले किडे फवारणीमुळे धोक्याचे, आणि काजवा तर विषच: एक खाल्ला तरी हा सरडा मरू शकतो. भाजीत मुनग्याची पाने आणि लाल भोपळा चालतो. पालक आणि लाल भाजी रोज नको, त्यांतले ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम अडवते. पेटीची भांडी स्वयंपाकघरात धुऊ नयेत आणि प्राण्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण सरड्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जंतू असतात.

एका मिलनावर मादी त्याच मोसमात दोन-तीनदाही अंडी घालते. सगळी उबवली तर पिल्ले साठ होतील. किती घरे मिळणार आहेत ते आधी ठरवून तेवढीच अंडी ठेवावीत, उरलेली घातल्या दिवशीच फ्रीझरमध्ये टाकावीत. हे कठोर वाटते, पण उपाशी पिल्ले जास्त वाईट. नको झालेला प्राणी बाहेर सोडणे तर कधीच नाही. सहा-आठ आठवड्यांची, नीट खाणारी पिल्ले दिवाळीच्या सुट्टीत छात्र घरी आला की तो स्वतः नव्या घरी पोचवू शकतो.

हे सारे ज्या घरात जमणार नाही, तिथल्या छात्रांनी पहिल्या दमदार पावसानंतर शाळेच्या मैदानाच्या कडेला लक्ष ठेवावे. आपल्या बागेतल्या सरड्याची मादी ओल्या मातीत खड्डा उकरते, अंडी घालते आणि माती ढकलून जागा सपाट करून निघून जाते. अंडी तिथेच राहू द्यायची. शेजारी एक काडी खोचून तारीख वहीत लिहायची. साधारण सहा-सात आठवड्यांनी त्या जागी पुन्हा जाऊन पाहावे.