गार्ड मोजा, गाड्या कळतात

उंबरमाळीच्या फलाटावर कसारा लोकल थांबली की आत माणसं किती, हे सांगता येत नाही. सकाळी खचाखच, दुपारी मोकळी. गाड्या किती गेल्या हे मात्र कुणीही सांगेल. शेवटच्या डब्यातले गार्ड मोजायचे, एका गाडीला एकच. (2022पासून रेल्वे त्याला ट्रेन मॅनेजर म्हणते. म्हणू दे.)

रक्तातही असा गार्ड आहे! कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, म्हणून यकृत ते बारीक कणांत भरून रक्तात सोडतं. अशा प्रत्येक कणाभोवती अपो-बी नावाचं प्रथिन गुंडाळलेलं असतं. 4,536 अमिनो आम्लांची लांबलचक साखळी, पण एका कणाला एकच. अपो-बी मोजलं की कण मोजले गेले. रिपोर्टात ते 100 आलं, तर सीरमच्या एका थेंबात पन्नास-साठ लाख कोटी कण!

नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये मोजतात ते प्रवासी, म्हणजे कोलेस्टेरॉल. त्यातही एलडीएल बऱ्याचदा मोजत नाहीत, 1972च्या एका सूत्राने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा. माझे आकडे 190, 35, 200. उत्तर 115. वाचून बरं वाटलं. पण ट्रायग्लिसराइड चढलेलं आणि एचडीएल उतरलेलं असेल, तर एलडीएलचे कण बहुधा बारीक होतात, दर कणात माल कमी. तेवढाच माल न्यायला गाड्या जास्त. आणि धमनीच्या अस्तरात शिरून अडकते ती गाडी.

आपल्याकडे हे चित्र फार दिसतं, सडपातळ माणसांतही. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये दोन डॉक्टरांचा फोटो आला: पुण्याच्या केईएमचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2! त्याच वर्षी 52 देशांतला ‘इंटरहार्ट’ अभ्यास आला. त्यात हृदयविकाराच्या झटक्याशी सर्वांत घट्ट नातं निघालं ते अपो-बी आणि अपो-ए1 (एचडीएलवरचं प्रथिन) यांच्या गुणोत्तराचं. दक्षिण आशियात पहिला झटका सरासरी 53व्या वर्षी, इतरत्र 59च्या आसपास.

पुढे कसाऱ्याला घाटासाठी मेल गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावतात. काही कणांनाही असं शेपूट असतं. त्यांना लायपोप्रोटीन-ए म्हणतात. 1963 साली नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी ते शोधलं. हे शेपूट दिसायला गुठळी विरघळवणाऱ्या प्लास्मिनोजेनसारखं, पण ते काम त्याला येत नाही. बँकरचा नुसता सांगाडा. त्याचं प्रमाण आईबापांकडून येतं, पथ्याने फारसं हलत नाही, म्हणून बहुतेकांना आयुष्यात एकदा तपासलं तरी पुरतं.

शहापूरच्या लॅबवाल्याला अपो-बीचं विचारलं.

“नमुना मुंबईला पाठवू, काका. उपाशीपोटी यायची गरज नाही.”

“म्हणजे वडापाव खाऊन आलो तरी चालेल?”

“टेस्टला चालेल,” तो माझ्या 200वर बोट ठेवून म्हणाला.