बाराव्या ठाण्यातली बेचव कॉफी

दोस्तांनो, डिटेक्टिव्ह म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? हातात भिंग, अंगात लांब कोट, गाड्यांचा पाठलाग आणि धाडधाड गोळ्या! पण न्यूयॉर्कच्या बाराव्या पोलिस ठाण्यातले डिटेक्टिव्ह बहुतेक वेळ टेबलाशी बसायचे, तक्रारी लिहून घ्यायचे आणि कॉफी पिऊन तोंडं वाकडी करायचे.

हे ठाणं खरं नव्हे हं! ते होतं ‘बार्नी मिलर’ या अमेरिकन टीव्ही मालिकेत. १९७५ ते १९८२ या काळात ती गाजली. जवळजवळ सगळी मालिका एकाच खोलीत घडते. जुनाट टेबलं, गजांची कोठडी आणि पलीकडे कॅप्टन बार्नी मिलरची केबिन. चोर पकडायला मंडळी बाहेर जातात, पण आपल्याला दिसतात ती परत आल्यावरच!

आणि मंडळी तरी कशी? फिश निवृत्तीला टेकलेले, सदा काही ना काही दुखतंच आहे. हॅरिस एकदम टापटीप, नोकरी सांभाळून पुस्तक लिहिणारा. डिट्रिक म्हणजे चालताबोलता ज्ञानकोश, न विचारताच उत्तर तयार! गणवेशातल्या ठेंगण्या लेव्हिटला एकच ध्यास, मला डिटेक्टिव्ह कधी करणार? आणि ती भयंकर कॉफी करणारा यमाना.

तक्रारी घेऊन येणारे तर त्याहून वरताण. एक जण म्हणतो, मी लांडगा होत चाललोय. दुसरा म्हणतो, मी भविष्यकाळातून आलोय. आपण हसून हाकलून दिलं असतं. बार्नीच्या ठाण्यात मात्र त्यांचंही म्हणणं ऐकून घेतलं जातं. कित्येक खरे अमेरिकन पोलिस म्हणायचे, की मारामारीच्या मालिकांपेक्षा आमची नोकरी हिच्यातच खरी दिसते. खरंच आहे. ऐकणं, लिहिणं, भांडणं मिटवणं, यातच पोलिसांचा कितीतरी दिवस जातो.

यमानाचं काम करणाऱ्या जॅक सूची गोष्ट मात्र चटका लावणारी आहे. त्याचं मूळ नाव गोरो सुझुकी. दुसऱ्या महायुद्धात जपानशी लढाई पेटली, तेव्हा अमेरिकेनं आपल्याच देशातल्या जपानी वंशाच्या एक लाखाहून अधिक लोकांना छावण्यांत डांबलं. त्यांचा गुन्हा? काहीच नाही! सू त्यांतलाच एक. तिथंही तो लोकांचं मन रमवायचा. पुढे हाच माणूस पडद्यावर पोलिस होऊन देशाला हसवू लागला. जानेवारी १९७९ मध्ये तो कर्करोगानं गेला. मग एका खास भागात सगळे नट त्याच ठाण्याच्या सेटवर बसले, त्याच्या आठवणी सांगितल्या आणि शेवटी कॉफीचे कप उंचावून त्याला निरोप दिला.

मालिकेचा शेवटही गमतीचा. ठाण्यात एक जुनं पिस्तूल सापडतं आणि कळतं, की पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रुझवेल्ट पोलिसखात्याचे प्रमुख असताना याच इमारतीत बसायचे. झालं! ती मोडकळीला आलेली इमारत ऐतिहासिक वास्तू ठरते आणि आपल्या मंडळींनाच बाहेर पडावं लागतं! त्यांची बदली होते वेगवेगळ्या ठाण्यांत.

पुढे २०१३ ते २०२१ या काळात ‘ब्रुकलिन नाईन-नाईन’ मालिकेनंही न्यूयॉर्कच्याच एका ठाण्यातल्या डिटेक्टिव्हांच्या गमती दाखवल्या. पण बेचव कॉफीचा मान अजून यमानाकडेच!