बायोम म्हणजे मोठी परिसंस्था नव्हे

कॉर्नवॉलमध्ये सेंट ऑस्टेल गावाजवळ चिनी मातीची एक जुनी खाण होती. वर्षानुवर्षं माती काढून उरलेल्या त्या खड्ड्यात ‘एडन प्रोजेक्ट’ उभा राहिला आणि मार्च २००१ मध्ये लोकांसाठी खुला झाला. वास्तुरचनाकार निकोलस ग्रिमशॉ यांच्या संस्थेने त्याचे घुमट आखले. पोलादी षटकोनी चौकटी आणि त्यांत हवा भरून फुगवलेलं पारदर्शक प्लास्टिक. सगळ्यांत मोठा घुमट सुमारे ५० मीटर उंच आहे. त्याचं नाव ‘रेनफॉरेस्ट बायोम’, शेजारच्याचं ‘मेडिटरेनियन बायोम’. ब्रिटनभरातल्या शाळांच्या सहली इथे येतात, त्यांत आपली मराठी मुलंही असतात. ‘बायोम’ हा शब्द त्यांतल्या अनेकांना पहिल्यांदा इथेच भेटतो, आणि तो घुमटाचं नाव म्हणूनच डोक्यात राहतो.

पुढे जीसीएसई या शालेय परीक्षेच्या भूगोलात हीच मुलं ‘परिसंस्था’ शिकतात. एक्यूए या परीक्षा मंडळाच्या अभ्यासक्रमात आधी ब्रिटनमधली एखादी छोटी परिसंस्था येते, म्हणजे तळं किंवा शेताच्या बांधावरचं कुंपण, आणि मग ‘मोठ्या जागतिक परिसंस्था’: वर्षावन, वाळवंट, टुंड्रा. साहजिकच समज असा होतो की लहान ती परिसंस्था आणि वाढत वाढत खंडाएवढी झाली की बायोम. मोठ्यांच्या बोलण्यातही हेच येतं. हा फरक आकाराचा नाही, आणि तो नीट न कळल्यामुळे ब्रिटनमध्ये चांगल्या हेतूने बरंच नुकसान झालेलं आहे. म्हणून हे लिहायचं.

बायोम हा प्रकार आहे. तापमान किती, पाऊस किती आणि वर्षभरात तो कसा पडतो, यावरून एखाद्या प्रदेशात कोणत्या धाटणीची झाडंझुडपं वाढतात त्याचं ते वर्गीकरण. परिसंस्था ही घडणारी गोष्ट आहे: एका जागचे सजीव, तिथली माती, पाणी, हवा, ऊन आणि या सगळ्यांमधली देवाणघेवाण. ‘कौलारू घर’ म्हटलं की घराचा प्रकार कळतो. पण त्या घरात कोण राहतं, चूल कोण पेटवतं, पाणी कोण भरतं, हे कळायला एक नांदतं घरच बघावं लागतं. अॅमेझॉन आणि काँगो खोऱ्यातली वर्षावनं एकाच बायोममध्ये मोडतात, पण त्यांच्यामध्ये अख्खा अटलांटिक महासागर आहे. इथलं पडलेलं पान तिथली माती होत नाही. प्रकार एक, संसार वेगळे.

एडनच्या घुमटाचंही तसंच. आत पश्चिम आफ्रिका, आग्नेय आशिया आणि दक्षिण अमेरिकेतली झाडं हाकेच्या अंतरावर वाढतात. असा शेजार निसर्गात कुठेही नाही. उष्णकटिबंधीय वर्षावन हा प्रकार दाखवण्यापुरतं घुमटाचं नाव बरोबर आहे. परिसंस्था म्हणून पाहिलं तर ती माळ्यांनी चालवलेली, घडवलेली परिसंस्था आहे: ऊब यंत्रांची, छाटणी माणसांची, आणि किडे वेचायला मुद्दाम सोडलेले पक्षी.

‘परिसंस्था म्हणजे प्राणी आणि झाडं’ हा दुसरा घट्ट बसलेला समज. ही संकल्पना ब्रिटनमध्येच जन्माला आली आणि तिच्या जन्माचं कारण नेमकं याच्या उलट होतं. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स वनस्पतींच्या समूहाला एक महाकाय सजीव मानत. ‘बायोम’ हा शब्दही १९१६ मध्ये त्यांनीच वापरात आणला. ऑक्सफर्डचे प्राध्यापक आर्थर टॅन्स्ली यांना ही कल्पना पटेना. १९३५ मध्ये त्यांनी एका निबंधात सजीवांबरोबर माती, हवामान असे निर्जीव घटकही एकाच व्यवस्थेचे भाग म्हणून मांडले आणि तिला ‘इकोसिस्टिम’ म्हटलं. शब्द सुचवला होता त्यांचे तरुण सहकारी आर्थर रॉय क्लॅफम यांनी. या व्यवस्था नाना आकारांच्या असतात, हे टॅन्स्लींनी तेव्हाच सांगितलं होतं. म्हणजे झाडाच्या ढोलीत साठलेलं पाणीही परिसंस्था आणि अख्खं जंगलही.

बायोम एकच असला तरी परिसंस्था किती वेगळी असू शकते, याचं उदाहरण लंडनच्या कुठल्याही बागेत दिसतं. ती गुबगुबीत राखाडी खार मूळची उत्तर अमेरिकेची. श्रीमंत जमीनदारांनी तिला हौसेने इथे आणलं. तिला मोकळं सोडल्याची पहिली नोंद १८७६ ची, चेशरमधली. अमेरिकेचा पूर्व भाग आणि ब्रिटन दोन्ही समशीतोष्ण पानगळी वनांच्या बायोममधले. हवा मानवली, ओकची फळं मिळाली, खार फोफावली. पण इथल्या परिसंस्थेत तांबडी खार आधीपासून राहत होती. राखाडी खारीने बरोबर आणलेला विषाणू तिला स्वतःला फारसा बाधत नाही, तांबडीला मात्र मारतो. आज इंग्लंडच्या बहुतेक भागांतून तांबडी खार नाहीशी झाली आहे. तिला बघायचं तर स्कॉटलंड, उत्तर इंग्लंडचे काही भाग, अँगलसी किंवा आइल ऑफ वाइट गाठावं लागतं.

पावसाबद्दलचा गैरसमज मराठी माणसाचा खास लाडका आहे. लंडन म्हणजे पावसाचं शहर! प्रत्यक्षात लंडनला वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस होतो, पुण्याला त्याहून जास्त, सातशेच्या आसपास. पुण्याचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडून जातो आणि मग एप्रिल-मेचं ऊन जमीन भाजून काढतं. लंडनमध्ये तो बारा महिने थोडा थोडा झिरपत राहतो आणि थंड हवेत वाफ होऊन फारसा उडतही नाही. म्हणून कमी पावसावर तिथे ओकची दाट वनं वाढू शकतात आणि जास्त पावसावर पुण्याच्या पूर्वेला गवताळ माळ आणि बाभळी. नुसत्या आकड्यावरून बायोम ठरत नाही. नुसत्या अक्षांशावरूनही नाही: सैबेरियातलं इर्कुट्स्क साधारण इंग्लंडच्याच अक्षांशावर आहे, पण तिथे सूचिपर्णी तैगा आहे. अटलांटिकवरून येणारी ऊब इंग्लंडला मिळते, इर्कुट्स्कला नाही.

आणि वर्षावन फक्त विषुववृत्ताजवळच असतं असंही नाही. वेल्स, कंब्रिया, डेव्हन आणि स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर समशीतोष्ण वर्षावनांचे तुकडे टिकून आहेत. डार्टमूरवरच्या विस्टमन्स वुडमध्ये प्रचंड धोंड्यांच्या फटींतून वाकडेतिकडे, खुरटे ओक वाढलेत. फांद्यांवर शेवाळ, शेवाळावर नेचे, दगडफुलाच्या झुपक्यांच्या लोंबणाऱ्या दाढ्या. आंबोलीचं पावसाळी जंगल पाहिलेल्या माणसाला हे हिरवेपण ओळखीचं वाटेल.

परिसंस्था म्हणजे नेमकं काय हे सगळ्यांत स्पष्ट दाखवून दिलं ते एका फुलपाखराने. ‘लार्ज ब्लू’ हे निळं फुलपाखरू इंग्लंडमध्ये विसाव्या शतकात झपाट्याने कमी होत गेलं. ठपका आला तो फुलपाखरं पकडून टाचण्या लावणाऱ्या संग्राहकांवर. जागा राखीव केल्या, कुंपणं घातली. अंडी ज्यावर घातली जातात ती रानथाइमची झुडपं होती, कुरण शाबूत होतं, हवामान तेच होतं. तरी फुलपाखरू कमीच होत राहिलं.

१९७० च्या दशकात जेरेमी थॉमस या तरुण संशोधकाने या फुलपाखराच्या शेवटच्या जागी तळ ठोकून त्याचा एकेक दिवस पाहिला. अळी तीनेक आठवडे थाइमची फुलं खाते आणि मग जमिनीवर पडते. तिथे ती गोड द्रव सोडते. लाल मुंगी तो चाटते, अळीला आपल्याच वारुळातलं पिल्लू समजते आणि उचलून घरी नेते. वारुळात ही अळी सुमारे दहा महिने मुंग्यांचीच पिल्लं खाऊन वाढते. पण कुठलीही लाल मुंगी चालत नाही. थॉमस यांच्या अभ्यासात दिसलं की ‘मिर्मिका सॅब्युलेटी’ या एकाच जातीच्या वारुळात अळ्या पुरेशा जगतात. या मुंगीला ऊबदार जमीन लागते. गवत दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा वाढलं की सावलीने माती थंड होते, ही मुंगी जागा सोडते आणि तिची चुलत बहीण तिथे येते.

गवत खुरटं ठेवायचे कोण? गुरं, मेंढ्या आणि ससे. चराई बंद झालेली होती, काही ठिकाणी तर संरक्षणाच्या कुंपणानेच. १९५३ मध्ये मिक्सोमॅटोसिसची साथ ब्रिटनमध्ये आली आणि बहुतेक सगळे ससे मेले. गवत वाढलं, माती गारठली, मुंगी गेली. थॉमस यांना हे उमगेपर्यंत उशीर झाला होता. १९७९ मध्ये फुलपाखरू ब्रिटनमधून नामशेष झालं. १९८३ मध्ये स्वीडनहून अळ्या आणून, आधी गुरं चारून गवत खाली आणलेल्या जागी त्या सोडल्या. आज नैऋत्य इंग्लंडच्या उतारांवर जून महिन्यात ते निळं फुलपाखरू पुन्हा दिसतं.

या सगळ्या घटनाक्रमात बायोम तसूभरही बदलला नाही. नकाशावर तो भाग आधीही समशीतोष्ण पानगळी वन होता, नंतरही. हरवला होता ससा-गवत-माती-मुंगी हा दुवा, आणि तो नकाशात दिसत नाही.

याच उदाहरणात आणखी एक गैरसमज मोडतो: माणसाचा हात लागला की परिसंस्था ‘खरी’ राहत नाही. ते कुरण तर माणसाच्या गुरामेंढ्यांनीच टिकवलं होतं. नॉरफोक ब्रॉड्सची सरोवरं निसर्गनिर्मित आहेत असं पिढ्यान्‌पिढ्या मानलं जात होतं. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉइस लॅम्बर्ट यांनी १९५० च्या दशकात तळाचे नमुने काढून दाखवलं की मध्ययुगात जळणासाठी पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, खणून झालेले ते खड्डे आहेत, पुढे पाण्याने भरलेले. आज ते पाणथळ जीवांचं ब्रिटनमधलं एक मोलाचं घर आहे. उलट बाजूने, स्कॉटलंडचे उघडेबोडके डोंगर पाहून ‘किती अस्पर्श निसर्ग!’ असं आपण म्हणतो. मॉफटजवळच्या कॅरिफ्रॅन खोऱ्याच्या माथ्यावर, पीटमध्ये, १९९० मध्ये सुमारे ६००० वर्षांपूर्वीचं यू लाकडाचं धनुष्य सापडलं. त्याच पीटमधले परागकण तपासले तेव्हा या बोडक्या खोऱ्यात एके काळी भरगच्च वन होतं हे कळलं. मेंढ्यांनी ते परत उगवू दिलं नव्हतं. स्थानिकांनी वर्गणी काढून खोरं विकत घेतलं आणि २००० च्या पहिल्या दिवसापासून तिथे मूळची झाडं लावायला घेतली. आता पाच लाखांहून अधिक झाडं उभी आहेत.

म्हणजे बोडकी जमीन दिसली की झाडं लावावीत? इथेच सगळ्यांत महागडी चूक झाली.

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, कॅथनेस आणि सदरलंडमध्ये, ‘फ्लो कंट्री’ पसरलेली आहे: सुमारे ४००० चौरस किलोमीटरची पीटची दलदल. इथे थंडी आणि ओल इतकी, की मेलेलं स्फॅग्नम शेवाळ पूर्ण कुजतच नाही. थरावर थर साचतो, वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर. हिमयुगानंतरच्या हजारो वर्षांत हा थर काही ठिकाणी दहा मीटरपर्यंत गेला आहे. त्यात सुमारे ४० कोटी टन कार्बन साठला असल्याचा अंदाज आहे. डोळ्याला मात्र दिसतं ते तपकिरी, एकही झाड नसलेलं ओसाड रान.

१९८० च्या दशकात जंगल लागवडीवर ब्रिटनमध्ये भरघोस करसवलत होती. श्रीमंतांचा पैसा इथे वळला. दलदलीत चर खणले, पाणी काढून टाकलं आणि सिट्का स्प्रूस व लॉजपोल पाइनच्या रांगा लावल्या. ‘या प्रदेशात वन वाढतं, मग इथेही वाढवू’, हा बायोमचा हिशेब झाला. परिसंस्था कुणी विचारात घेतली नाही. पीट सुकला की त्यात हवा शिरते, तो कुजू लागतो आणि हजारो वर्षांचा कार्बन हवेत जातो. मोकळ्या दलदलीत घरटी करणाऱ्या डनलिन, सोनेरी टिटवीसारख्या पक्ष्यांना झाडांच्या आडोशाने आलेले कावळे आणि कोल्हे भारी पडले. १९८८ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री निजेल लॉसन यांनी ती सवलत बंद केली. पक्षी संरक्षण करणाऱ्या आरएसपीबीने १९९५ मध्ये फॉर्सिनार्डची जमीन घेतली आणि तेव्हापासून तिथे निसर्ग वाचवण्यासाठी झाडं तोडली जातात, चर बुजवले जातात, पाणी परत अडवलं जातं. जुलै २०२४ मध्ये नवी दिल्लीत भरलेल्या बैठकीत युनेस्कोने फ्लो कंट्रीला जागतिक वारशाचा दर्जा दिला. पीटभूमी म्हणून हा मान मिळवणारी ती जगातली पहिली जागा.

सोलापूर, अहिल्यानगर, सातारा-सांगलीच्या पूर्वेकडचे माळ आपण असेच ‘पडीक’ म्हणून मोजतो. तिथलं गवत हे तुटलेल्या जंगलाचं उरलेलं अंग नाही. माळढोक, लांडगा, काळवीट, धाविक यांचं ते जुनं, स्वतंत्र घर आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक आता अपवादानेच दिसतो. पावसाळा आला की आपल्याकडे वृक्षारोपणाचे फलक लागतात आणि लंडनमधल्या मंडळांतूनही गावाकडे झाडांसाठी पैसे पाठवले जातात. पाठवा, जरूर पाठवा. फक्त आधी विचारून घ्या: त्या जागी मुळात झाडं होती का, की गवत होतं? गवत असेल तर तो पैसा गवत राखायला द्या.